पुष्ट वासरू कोणाचं होतं?

आजचे वाचन: लूक 15:11–32



लूककृत शुभवर्तमान रोज थोडं थोडं वाचत आपण आज पंधराव्या अध्यायाला आलो. उधळ्या पुत्राचा दाखला. संडे स्कूलमध्ये फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून शिकवला जायचा तो. नाताळच्या नाटकांनंतर सगळ्यात जास्त वेळा बसवलेलं नाटकही बहुतेक हेच. (मला दोनदा डुकराचं काम मिळालं होतं. संवाद नव्हते, त्यामुळे चुकलो नाही.) एवढ्या वेळा ऐकलेला दाखला वाचताना डोळे ओळींवरून नुसते घसरत जातात. यावेळी ते अडकले, आणि का अडकले ते सांगायचं तर आधी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती माझ्या बाजूने फारशी चांगली नाहीये.

दोन महिन्यांपूर्वी पप्पांच्या खात्यातून 92,000 रुपये गेले. पद्धत आता सगळ्यांना माहीत आहे. वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री कनेक्शन तोडणार, या नंबरवर फोन करा, असा मेसेज. पप्पांनी फोन केला. पलीकडच्याने एक ॲप टाकायला सांगितलं, दहा रुपये भरून खातं तपासायला लावलं, आणि वीसेक मिनिटांत तीन वेळा पैसे निघाले. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय 70. 'माझा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे' हे नगरच्या आमच्या अर्ध्या गल्लीला ऐकवणारे.

हे झालं मंगळवारी. मला कळलं गुरुवारी रात्री, आणि तेही आईकडून.

अशा फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे. लगेच कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. उशीर केला की ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात असे फुटत जातात. हा नंबर मीच पप्पांना कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून दिला होता. म्हणून मी फोनवर पहिलं काय विचारलं असेल? "दोन दिवस काय करत होतात?" पप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू रागावशील म्हणून."

मी म्हटलं, "मग रागावणारच ना! शिकलेले आहात तुम्ही. किती वेळा सांगायचं?" आणि पुढेही बरंच काही बोललो. ते इथे लिहीत नाही.

नुसतं तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण त्यानंतर तीन आठवडे मी ते उगाळत राहिलो. दसऱ्याच्या सुट्टीत आईपप्पा आमच्याकडे आले, तेव्हा जेवताना, माझ्या मुलीसमोर, हसत हसत: "काय पप्पा, आज कोणाला दान केलं?" सगळे हसले. पप्पाही हसले. नंतर लक्षात आलं की त्यांनी फोन कपाटात ठेवून दिला आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर गेली आठ वर्षं रोज सकाळी सहाला त्यांचं एक वचन यायचं. शाळेतल्या फळ्यावर सुविचार लिहावा तसं. ते बंद झालं होतं, आणि बंद झालंय हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस गेले.

त्याच सुमारास ऑफिसमध्ये काय झालं तेही सांगतो. आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने चुकीच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवली आणि दोन तास ग्राहकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोस्टमॉर्टम झालं. या क्षेत्रात ज्याला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टम' म्हणतात ते. कोणी केलं असं विचारायचं नाही, काय घडलं आणि ते घडू शकलं कसं, एवढंच विचारायचं. यात कोणी फार संत आहे म्हणून असं करत नाहीत. कारण अगदी व्यवहारी आहे: माणूस घाबरला की चूक लपवतो, आणि लपवलेली चूक वाढत जाते. ती मीटिंग मी घरूनच घेतली. त्या मुलाला म्हणालो, "तू पाच मिनिटांत सांगितलंस हे फार बरं केलंस."

संध्याकाळी चहाचा कप देताना बायको म्हणाली, "ऑफिसमध्ये किती गोड बोलतोस रे तू." एवढंच म्हणाली आणि आत गेली.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम झाडांमागे लपतो, आणि भीती वाटली म्हणून लपलो असं स्वतःच सांगतो. देवाला सगळं माहीत असतं. तरी त्याचा पहिला प्रश्न 'काय केलंस' हा नाही. तू कुठे आहेस, असं तो विचारतो. 'काय केलंस' ते नंतर येतं, येतंच, टळत नाही. पण आधी तो शोधायला येतो. पप्पा दोन दिवस झाडामागे होते. आणि ज्याला भिऊन ते लपले तो मी होतो. पैसे वाचण्याची जी काही थोडी शक्यता होती ती फसवणाऱ्याने घालवली तशी माझ्या आवाजानेही घालवली. माझ्या या आवाजाची पप्पांना आधीपासून सवय होती, म्हणूनच तर ते गप्प बसले.

त्या रात्री मी प्रार्थनेला बसलो आणि बराच वेळ बसून राहिलो. सकाळी उठल्या उठल्या पप्पांच्या खात्यात 92,000 रुपये पाठवले. मेसेज लिहिला: 'पप्पा, विषय संपला. पुन्हा काढणार नाही.' आणि मला फार बरं वाटलं. कृपा केल्याचं एक सुख असतं. छातीत हलकं वाटतं, आपण थोडे उंच झालो असं वाटतं. त्या सुखाकडे जरा संशयाने पाहावं, असं मी आता म्हणेन.

कारण साडेनऊला बायकोचा ऑफिसातून फोन आला. खातं आमचं दोघांचं आहे. त्यात तिचाही पगार जमा होतो. आणि त्यातले पैसे आम्ही तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवले होते. दोन्ही डोळ्यांचं करायचं होतं. तिला बँकेचा एसएमएस आला होता.

संध्याकाळी आम्ही बोललो. ती म्हणाली, "पप्पांना दिलेस याचं मला वाईट वाटत नाही. विचारलं असतंस तर मीच म्हणाले असते, दे. पण मला बँकेने सांगितलं."

प्रियांनो, त्यावर मी जे बोललो ते ख्रिस्ती घरातच बोललं जाऊ शकतं. मी म्हटलं, "तू त्या थोरल्या भावासारखं बोलतेयस."

ती शांतपणे म्हणाली, "मग नीट वाच ना. त्याला कोणी बोलावलं होतं का?"

म्हणून आजचं वाचन मी नीट केलं. तुम्हीही शास्त्र उघडून बसला असाल तर माझ्याबरोबर पाहा.

बाराव्या वचनात धाकटा आपला वाटा मागतो, आणि बाप मालमत्ता दोघांत वाटून देतो. एकट्याला नाही, दोघांना. अनुवाद 21:17 प्रमाणे थोरल्याला दुप्पट, म्हणजे तीन भागांतले दोन. धाकट्याने आपला एक भाग विकून परदेशात उडवला. तो संपला. तर मग तो परत आला त्या दिवशी घरात जे काही उरलेलं होतं ते हिशोबाने कोणाचं होतं? एकतिसाव्या वचनात बाप स्वतःच थोरल्याला सांगतो की जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. हे आपण नेहमी प्रेमाचं बोलणं म्हणून वाचतो. ते आहेच. पण ती वस्तुस्थितीही आहे. म्हणजे तो उत्तम झगा, ती अंगठी, ते जोडे आणि ते पुष्ट वासरू, हे सगळं पुढेमागे थोरल्याच्याच वाट्याचं.

आणि तो कुठे होता? शेतात. काम करत. गाणंबजावणं सुरू झालं तरी त्याला बोलवायला कोणी गेलं नाही. घराजवळ आल्यावर आवाज ऐकून त्याने एका चाकराला विचारलं, तेव्हा त्याला कळलं. चाकर म्हणजे त्या काळचा एसएमएसच.

हे मी एवढ्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्या उपदेशांत थोरला भाऊ म्हणजे परूशी, कोरडा, मत्सरी. तो तसा आहेही. या तीनही दाखल्यांच्या आधी, अध्यायाच्या सुरुवातीलाच परूशी आणि शास्त्री कुरकुर करतात, आणि प्रभू त्यांनाच उत्तर देतो आहे. थोरल्याच्या तोंडी 'हा तुमचा मुलगा' असे शब्द आहेत, 'माझा भाऊ' नाहीत. त्याचा राग चांगला नाही. पण त्याच्या रागात एक खरा प्रश्न आहे, आणि तो राग वाईट आहे म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही: कृपा तुम्ही केलीत, पण ती कोणाच्या पदरातून?

ऑफिसातलं पोस्टमॉर्टम आणि कृपा यांत हाच फरक आहे. तिथे कोणालाच दोष न देणं परवडतं, कारण नुकसान कंपनीच्या खात्यात जातं. घरात कंपनी नसते. घरात कोणीतरी एक वेळ कमी जेवतं, कोणाचं तरी ऑपरेशन पुढे जातं, कोणीतरी पाहुण्यासाठी आपली खोली देतं आणि स्वयंपाकघरात अंथरूण घालतं. कृपा फुकट मिळते ती घेणाऱ्याला. ज्या घरातून ती निघते तिथे तिचं बिल येतंच.

आम्हां नगरच्या लोकांना खरं तर हे वेगळं सांगायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि त्यांचं नाव नगरशी कायमचं जोडलं गेलं. त्यांचा हात किती सढळ होता, घरात काय आहे-नाही न बघता ते कसे देऊन टाकत, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे, आणि ते इतकं हसत लिहिलं आहे की आपणही हसत वाचतो. कॉलेजात असताना मी ते पुस्तक टिळकांच्या बाजूने वाचलं होतं. काय दिलदार माणूस! या महिन्यात पुन्हा हातात घेतलं आणि पानापानावर मनात येत राहिलं, आज रात्री या घरात चुलीवर काय ठेवायचं हे कोण बघत होतं? लक्ष्मीबाई तक्रार फार करत नाहीत. पण सगळं नोंदवून ठेवतात.

इथे एक जण म्हणेल की भाऊ, एवढा हिशोब कशाला, पौलाने तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात लिहिलंय की प्रीती वाईटाचा हिशोब ठेवत नाही. बरोबर. तिथे मूळ ग्रीक शब्द वहीखात्यातलाच आहे, लोगिझोमाय, म्हणजे खात्यावर मांडणे. दुसऱ्याने केलेलं वाईट मी त्याच्या नावावर मांडू नये. पण मी दुसऱ्याचं जे घेतलं आहे ते माझ्या नावावर मांडायचं नाही, असं पौल कुठेच म्हणत नाही. आपण हे वचन नेमकं उलटं वापरतो. बायकोने, बहिणीने, आईने हिशोब ठेवू नये. आणि आपलं देणं तेवढं आपोआप विसरलं जावं.

मत्तय 18 मधल्या निर्दय चाकराचंही असंच. त्याचं स्वतःचं कर्ज दहा हजार तालांत, आणि सोबत्याने त्याला द्यायचे होते शंभर दिनार. एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार, म्हणजे प्रमाण सहा लाखास एक. उपदेशात आपण शंभर दिनार चिल्लर करून टाकतो. पण दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर आहे. शंभर दिवसांची मजुरी! तुमचा तीन-साडेतीन महिन्यांचा पगार कोणी बुडवला तर तुम्ही त्याला चिल्लर म्हणाल का? प्रभूने ती रक्कम मुद्दाम अशी निवडली असावी असं मला वाटतं. घरातल्या माणसांनी एकमेकांना दिलेलं दुःख खरंखुरं मोठं असतं. ते सोडून द्यायला सांगताना प्रभू ते लहान आहे असं म्हणत नाही.

तर बायकोचा प्रश्न डोक्यात घेऊन मी दाखला वाचत होतो आणि मनात आलं, आमच्या घरात शेतात कोण होतं?

मी 2009 साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झालो. पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना 'वाय.डी.' म्हटलं की कळेल, आणि 'एम-थ्री' म्हटलं की जास्त कळेल. घरी सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षाची फी म्हणून पप्पांकडून पैसे घेतले, आणि ते खोली, मेस, क्लास आणि खरं सांगायचं तर थोडं इकडेतिकडे असे संपवले. ऑक्टोबरमध्ये, चार महिन्यांनी, नगरच्या एसटी स्टँडवर पप्पांना सांगितलं. घरी जायची हिंमत नव्हती. पप्पांनी काय केलं? दोन उसाचे रस सांगितले. म्हणाले, "पुढच्या वर्षी निघेल ना पेपर?" पुढच्या जूनमध्ये त्यांनी तीच फी पुन्हा भरली. त्यानंतर आजपर्यंत, या विषयावर, एक शब्द नाही. टोमणा नाही, जेवताना विनोद नाही.

ही गोष्ट मी तरुणसंघात दोनदा साक्ष म्हणून सांगितली आहे. माझ्या पृथ्वीवरच्या बापाने मला स्वर्गातल्या बापाची कृपा दाखवली वगैरे. लोकांनी डोळे पुसले. एकदा तिसऱ्या रांगेत माझी ताई बसली होती.

ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिला शिक्षिका व्हायचं होतं, पप्पांसारखी. बी.ए. झालं, 2010 च्या जूनमध्ये तिला बी.एड.ला प्रवेश मिळत होता. तेव्हा ते एका वर्षाचं होतं. पप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. ती संगमनेरला असते, एका खाजगी शाळेत लहान वर्गाला शिकवते, गेली बारा वर्षं. बी.एड. नाही म्हणून पगारही तसाच आणि वर्गही तोच.

मी परवा आईला फोन करून विचारलं, ताईचं बी.एड. त्या वर्षी का राहिलं? आई म्हणाली, "अरे, त्या वर्षी तुझी फी होती ना." इतक्या सहजपणे म्हणाली, जणू काही हे मला माहीतच असणार.

माहीत नव्हतं का मला? दोन्ही तारखा मला पाठ होत्या. फक्त त्या शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या.

आता खरा अवघड प्रश्न. पप्पांनी चूक केली का? मला फी भरून दिली नसती तर मी आज कुठे असतो कोण जाणे. एका पगारात दोन मुलं, कोणीतरी मागे राहणारच होतं. ती कृपाच होती, आणि खरी होती. मी तिचा विटाळ करणार नाही. पण माझं मत असं झालं आहे की ताईला विचारायला हवं होतं. ती 'दे' म्हणाली असती. मी तिला ओळखतो, म्हणालीच असती. मग तिचं तेही देणं झालं असतं. न विचारल्यामुळे ते तिच्याकडून नुसतं घेतलं गेलं. योहान 10:18 मध्ये प्रभू येशू स्वतःच्या जिवाबद्दल म्हणतो की तो माझ्यापासून कोणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो. वधस्तंभावरची कृपा कोणाच्या नकळत कोणाच्या खात्यातून काढलेली नाही. ज्याने भरलं त्याने स्वतः, जाणून, भरलं. आपण मात्र प्रभूचं नाव घेतो आणि बायकोच्या, बहिणीच्या, आईच्या खात्यातून भरतो.

आणि कृपा मिळाली म्हणून परतफेडीचा विषय संपतो असंही शास्त्र म्हणत नाही. जक्कयाला प्रभूने आधी हाक मारली, त्याच्या घरी उतरला, मग जक्कय उभा राहून म्हणाला की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. प्रभूने त्याला 'अरे, आता गरज नाही' असं म्हटलं नाही.

मी नगरला जाऊन आलो. पप्पांची क्षमा मागितली, पैशांबद्दल नव्हे, त्या आवाजाबद्दल आणि जेवतानाच्या त्या विनोदांबद्दल. ते म्हणाले, "बरं. चहा घेतोस का?" आमच्याकडे पुरुषांची क्षमा अशीच होते. मग आम्ही दोघांनी बसून त्यांच्या खात्याला रोजची मर्यादा लावली. त्यांना विचारून लावली, आकडा त्यांनीच सांगितला. मोतीबिंदूचं ऐकल्यावर त्यांनी कपाटातून चेकबुक काढलं आणि त्यांच्या त्या शाळामास्तरी अक्षरात बायकोच्या नावाने 92,000 चा चेक लिहिला. ती म्हणाली एवढे नको, पन्नास पुरेत, बाकीचे आम्ही दोघे बघू. हे ती म्हणाली. मी गप्प बसलो होतो, आणि ते जमलं याचा मला थोडा अभिमान वाटला. असो.

ताईला फोन करायला मला आणखी चार दिवस लागले. मी तिला सगळं सांगितलं, फी, तारखा, आई काय म्हणाली ते. म्हटलं, आता बी.एड. दोन वर्षांचं झालंय, पण तुला करायचं असेल तर फी मी भरतो, आम्ही दोघांनी ठरवलंय, घरी विचारून सांगतोय. ती हसली. "चाळिशी आली माझी, आता काय बी.एड. करतोस." मग जरा वेळाने म्हणाली, "पैशाचं राहू दे. मला एवढंच सांग, तुला तेव्हा माहीत होतं का?"

मी म्हटलं, "माहीत करून घेतलं नाही."

ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. म्हणाली, भात झाला, ठेवते आता, ही मुलं जेवायची आहेत.

दाखल्यातला थोरला भाऊ शेवटी आत गेला की नाही ते लूक सांगत नाही. बाप बाहेर अंगणात उभा आहे, समजावतो आहे, इथेच ते थांबतं. आज सकाळी सहाला पप्पांचं वचन पुन्हा आलं, स्तोत्र 103 मधलं. आईने हात जोडले, बायकोने आमेन टाकलं, मीही टाकलं. ताई नेहमी सगळ्यांच्या आधी टाकते. तिने पाहिलंय, दोन निळ्या खुणा दिसतात. रविवारी उपासनेनंतर आम्ही संगमनेरला जातो आहोत. तिला आधी विचारलं, येऊ का म्हणून. 'या' एवढंच उत्तर आलं आहे.

आमच्यासाठी प्रार्थना करा.